भाषण उद्या, निषेध आज

एखाद्या भाषणावर ठाम मत द्यायचं असेल, तर ते ऐकण्याच्या फंदात पडू नये. ऐकलं की घोळ होतो. वक्ता मध्येच एखादं बरं वाक्य बोलून जातो आणि आपण आदल्या रात्री जागून तयार केलेला संताप वाया जातो. चाहत्यांचंही तेच. आधीच ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळं झालेलं बरं. ऐकत बसलं तर जांभई येते आणि ती शेजाऱ्याला दिसते. म्हणून जाणती माणसं प्रतिक्रिया आधी देतात. त्यातून वक्ता सत्तेतला नेता, श्रोते शाळकरी मुलं आणि विषय अभ्यास असा योग जुळून आला, तर आठवडाभर आधी देतात.

या शास्त्राचा सगळ्यात सुबक प्रयोग अमेरिकेत झाला, २००९ साली. ऑगस्ट संपता संपता तिथले शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी देशभरच्या मुख्याध्यापकांना कळवलं की, ८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा विद्यार्थ्यांशी बोलणार आहेत. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन इथल्या वेकफिल्ड हायस्कूलमधून भाषण थेट दाखवलं जाईल, जमल्यास मुलांना दाखवा. इथवर कुणाची झोप उडावी असं काही नव्हतं. पण शिक्षण खातं इथलं असो की तिथलं, नुसतं पत्र पाठवून त्याचं समाधान होत नाही. सोबत उपक्रम जोडावे लागतात. त्यातल्या एका उपक्रमात लिहिलं होतं की, राष्ट्राध्यक्षांना मदत करण्यासाठी मी काय करू शकतो, यावर मुलांनी स्वतःलाच पत्र लिहावं.

आपल्याकडे अशी ओळ शिक्षक-हस्तपुस्तिकेत आली असती तर कुणाच्या लक्षातही आली नसती, कारण ती हस्तपुस्तिका कपाटातून बाहेरच आली नसती. तिकडे मात्र लोकांनी ती वाचली. मग काय विचारता! फ्लोरिडातल्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष जिम ग्रीर यांनी पत्रक काढलं: करदात्यांच्या पैशानं मुलांच्या डोक्यात समाजवाद भरण्याचा हा डाव आहे. रेडिओवरचे बोलघेवडे तुटून पडले. त्या दिवशी आम्ही मुलांना घरीच ठेवणार, असं आईबाप सांगू लागले. काही शाळांनी भाषण दाखवायलाच नकार दिला, तर काहींनी पालकांकडून चिठ्ठ्या मागवल्या. सहलीला नेताना लिहून घेतात ना, वाटेत काही बरंवाईट झाल्यास शाळा जबाबदार नाही, त्यातला प्रकार. फक्त इथे मूल नदीत पडण्याऐवजी समाजवादात पडण्याची भीती होती.

खात्यानं घाईघाईनं ती ओळ बदलली. आता मुलांनी आपली शैक्षणिक ध्येयं कशी गाठता येतील यावर पत्र लिहायचं होतं. म्हणजे ज्या मुलाला पहिला विषय कंटाळवाणा वाटला होता त्याला दुसरा अधिकच वाटला असणार, पण देश वाचला. त्यानंही भागेना तेव्हा व्हाइट हाउसनं आदल्या दिवशी अख्खं भाषणच जाहीर करून टाकलं. सरकारनं स्वतःच पेपर फोडल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. ग्रीर यांनी तो फुटलेला पेपर वाचला आणि म्हणाले, ठीक आहे की, माझी मुलं ऐकतील. वाचल्यावर मत बदलणारा माणूस, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, मला आवडतो. पक्षाला आवडतो का, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

तर एवढं होतं काय त्या भाषणात? गृहपाठ करा. वर्गात लक्ष द्या. नापास झालात तर खचू नका. मायकल जॉर्डनला शाळेच्या संघातून वगळलं होतं आणि हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक बारा वेळा परत आलं होतं. वडील सोडून गेले, पैसे नाहीत, घरचं वातावरण बरं नाही, ही सगळी कारणं खरी असली तरी अभ्यास न करायला ती चालणार नाहीत. आणि हो, हात वरचेवर धुवा. हे शेवटचं स्वाइन फ्लूमुळे. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यात शाळा बंद पडल्या होत्या, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या होत्या आणि पुणेकर तोंडाला रुमाल बांधून एकमेकांना न ओळखल्यासारखं करत होते. (रुमालाशिवायही करतात, पण तेव्हा कारण होतं.) हात धुण्यात समाजवाद आहे, ही कल्पना मात्र पुण्यातही कुणाला सुचली नाही.

भाषणातला मला आवडलेला भाग ओबामांच्या आईचा. ते लहानपणी इंडोनेशियात होते. अमेरिकन मुलं जातात त्या शाळेत घालायची ऐपत नव्हती, म्हणून आई पहाटे साडेचारला उठवून स्वतः शिकवायची. पोरगं पेंगायला लागलं, कुरकुरायला लागलं की म्हणायची, मला काही यात मजा येत नाहीये बरं का! आता सांगा, यात परकं काय आहे? ‘मला काय हौस आलीय का पहाटे उठायची?’ हे वाक्य कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत दहावीच्या वर्षात प्रत्येक घरात रोज उच्चारलं जातं, आणि कुठल्याही माउलीवर अजून मार्क्सवादाचा आरोप झालेला नाही.

भाषणाआधी ओबामा नववीच्या काही मुलांबरोबर बसले होते. तिथे कुणीतरी विचारलं, हयात असलेल्या किंवा नसलेल्या कुणाही माणसाबरोबर जेवायची संधी मिळाली तर कुणाबरोबर जेवाल? ओबामा म्हणाले, गांधीजींबरोबर. आणि लगेच पुढे म्हणाले, जेवण मात्र अगदी थोडकंच असेल. एवढा हजरजबाबी माणूस ‘हात धुवा’ सांगायला वापरला गेला, ही खरी तक्रार व्हायला हवी होती.

मला नवल वाटतं ते या सगळ्यामागच्या गृहीतकाचं. वीसेक मिनिटांच्या भाषणानं मूल हातचं जातं, असं मोठ्या माणसांना मनापासून वाटतं. अहो, ज्या मुलाला त्याची सख्खी आई सहा वर्षं रोज सांगते आहे की बुटातले मोजे काढून बादलीत टाक, आणि जे मोजे आजतागायत बादलीत पडलेले नाहीत, ते मूल एका दुपारीत विचारसरणी बदलणार? बालमनाला आकार देणं इतकं सोपं असतं तर पालकांनी क्लासच्या फिया भरल्या असत्या का? शाळकरी मुलाला कुठल्याही भाषणाविषयी तीनच शंका असतात: हे परीक्षेला आहे का, यामुळे गणिताचा तास बुडतो का, आणि नंतर खायला काय आहे. तिसऱ्या शंकेचं उत्तर समाधानकारक असेल तर ते कुठल्याही पक्षाचं भाषण शांतपणे ऐकून घेतं.

पण रिपब्लिकनांनाच हसण्यात अर्थ नाही. कथेचा आधीचा भाग १९९१ मध्ये घडला होता, पात्रं तीच, वेश उलटे. १ ऑक्टोबर १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश वॉशिंग्टनच्या अ‍ॅलिस डील ज्युनिअर हायस्कूलमधून देशभरच्या मुलांशी बोलले. बुश रिपब्लिकन, निवडणूक वर्षभरावर. विषय अर्थातच अभ्यास करा, शाळा सोडू नका. यावेळी भडकले डेमोक्रॅट. प्रतिनिधीगृहातले त्यांचे नेते रिचर्ड गेफार्ट म्हणाले की, शिक्षण खात्यानं राष्ट्राध्यक्षांच्या जाहिराती करू नयेत, हुशार मुलं घडवावीत. खर्चाचा हिशेब मागितला गेला. चित्रीकरणापायी खात्याचे २६ हजारांहून अधिक डॉलर गेले, असं निघालं. हिशेबतपासनीस कामाला लागले, संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. बेकायदेशीर काही नाही, असा निष्कर्ष निघेपर्यंत तपासणीवर किती डॉलर गेले, हे कुणी विचारलं नसावं.

गंमत पुढेच आहे. त्या भाषणाच्या शेवटी बुश यांनी मुलांना काय सांगितलं होतं? मला पत्र लिहा. आपली ध्येयं गाठायला तुम्ही कशी मदत करू शकाल ते कळवा. म्हणजे १८ वर्षांनी ज्या ओळीवरून रिपब्लिकनांनी आकाशपाताळ एक केलं, ती ओळ जवळपास जशीच्या तशी त्यांच्याच राष्ट्राध्यक्षानं तोंडानं उच्चारली होती, तीही कॅमेऱ्यासमोर. आणि १८ वर्षांनी ‘मुलांशी बोलण्यात राजकारण कसलं?’ असं विचारणारे डेमोक्रॅट त्या वेळी ‘हे राजकारण नाही तर काय?’ असं विचारत होते. कुणी म्हणेल, माणसाला जुनं आठवत नाही. मला तसं वाटत नाही. चांगलं आठवतं, फक्त ते दुसऱ्या पक्षाचं. त्यातही अगदी प्रामाणिकपणे सांगायचं, तर रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांनी बुशचीही बाजू घेतली आणि ओबामांचं भाषण वाचून त्यालाही बरं म्हटलं. धाकट्या बुशच्या पत्नी लॉरा बुश याही ओबामांच्या बाजूनं बोलल्या; त्या ग्रंथपाल, त्याआधी शाळेत शिक्षिका. अशी माणसं असतात. त्यांच्यामुळे विनोदी लेखकाची पंचाईत होते.

आर्लिंग्टन नावाचं एक गाव टेक्सासमध्येही आहे. तिथल्या शाळांनी ओबामांचं भाषण तासाच्या वेळात थेट दाखवायचं नाही असं ठरवलं, कारण अभ्यासक्रमात व्यत्यय येतो. पुढे उघडकीला आलं की त्याच महिन्यात पाचवीच्या काही मुलांना बसमध्ये घालून तिथल्या नव्या फुटबॉल स्टेडियमवर एका कार्यक्रमाला न्यायचं ठरलंय, आणि त्या कार्यक्रमाला धाकटे जॉर्ज बुश येणार आहेत. अभ्यासक्रमाचं काय, असं लोकांनी विचारल्यावर दिलगिरी आली. आपल्याकडे याला दिलगिरी लागत नाही, ‘शैक्षणिक सहल’ एवढा शिक्का पुरतो.

आपल्याकडे मुळात मुलं नेत्यांकडे नेण्याचीच परंपरा. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मंत्री म्हटल्यावर त्याला चेहरा आठवत नाही, ऊन आठवतं. रस्त्याच्या दुतर्फा उभं राहायचं, हातात कागदी झेंडा, पुढे लेझीमचं पथक. अकराचा कार्यक्रम, साहेब दीडला. मग ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय सूचना, तिला अनुमोदन. साहेब उठून म्हणणार, तुम्ही उद्याचे आधारस्तंभ आहात. आधारस्तंभांपैकी दोघांना तोवर चक्कर आलेली असायची. साहेब कुठल्या पक्षाचे होते हे कुणाला कळायचं नाही, कळायची गरजही नव्हती. पक्ष तेव्हा एकच होता. ऊन मात्र सर्वपक्षीय.

पुढे आला ५ सप्टेंबर २०१४. नवे पंतप्रधान नरेंद्र मोदी शिक्षक दिनी दिल्लीच्या माणेकशॉ सभागृहातून देशातल्या सगळ्या शाळांशी बोलणार, असं जाहीर झालं आणि अमेरिकेतला प्रयोग आपल्याकडे आला. काँग्रेस म्हणाली, ही सक्ती आहे. शिक्षण खातं सांभाळणाऱ्या स्मृती इराणी म्हणाल्या, छे, ऐच्छिक आहे. महाराष्ट्रात तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, विधानसभेची निवडणूक तोंडावर. आठवडाभरातच आचारसंहिता लागली. त्यामुळे शाळांची अवस्था अशी की वरून दिल्लीचं पत्र, मधून मुंबईचं मौन, आणि खाली मुख्याध्यापक टीव्ही शोधताहेत.

माझी मामेबहीण झेडपीच्या शाळेत शिकवते. तिच्याकडून त्या दिवसाचं साग्रसंगीत वर्णन ऐकलंय. शिक्षक दिनाला मुलंच शिक्षक होतात. सातवीतली एक चुणचुणीत मुलगी त्या दिवशी मुख्याध्यापिका, आईची साडी सतरा सेफ्टी पिनांवर तोललेली. शाळेचा टीव्ही पोटमाळ्यावर होता आणि त्यात चिमणीनं संसार थाटला होता. मग सरपंचांच्या घरचा टीव्ही आला, त्याच्यामागे त्याची डिश आली, डिशच्या मागे सरपंचांच्या आईही आल्या, कारण त्यांची मालिका त्याच वेळेला होती. डिश छपरावर फिरवायला गुरुजी चढले. खालून साडीतल्या मुख्याध्यापिकाबाई कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, ‘अजून थोडं डावीकडे, सर! गेलं, गेलं! आता उजवीकडे!’ एवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन. अहवाल तीन वाजेपर्यंत हवा. किती विद्यार्थ्यांनी भाषण ऐकलं, किती पालक उपस्थित होते, विद्यार्थ्यांची प्रतिक्रिया, सोबत दोन फोटो. बहीण म्हणाली, साहेब, भाषणच तीनला आहे. तिकडून उत्तर आलं, मॅडम, मला पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायचाय. मग बहिणीनं बंद टीव्हीसमोर मुलं बसवून फोटो काढले आणि प्रतिक्रियेच्या रकान्यात लिहिलं, ‘विद्यार्थी भारावून गेले.’ तेव्हा पावणेतीन वाजले होते.

आमच्या सोसायटीतही पावणेतीनच्या आतच सगळं आटोपलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी दूध आणताना जाहीर केलं की, इतक्या वर्षांत मुलांशी असं कुणी बोललंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे सर, निवृत्त, इतिहास-नागरिकशास्त्र, म्हणाले, ‘अहो, नेहरूंच्या वाढदिवसाला बालदिन कशाला म्हणतात मग?’ काका म्हणाले, ‘ती नुसती गुलाबाची फुलं होती हो.’ सर म्हणाले, ‘आणि हे? कोवळ्या मनांवर परिणाम करायचा उद्योग आहे हा. हिटलरनं काय केलं?’ हिटलर सकाळी साडेसातला आल्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. दुपारी भाषणाच्या वेळेला आमच्याकडची वीज गेली. दोघांनीही ते ऐकलं नाही, आणि संध्याकाळी कट्ट्यावर दोघांनीही त्याचं सविस्तर विश्लेषण केलं.

खरं तर ऐकलं असतं तर दोघांनाही माल मिळाला असता. मणिपूरच्या एका मुलानं विचारलं, पंतप्रधान व्हायला काय करावं लागतं? मोदी म्हणाले, २०२४ च्या निवडणुकीच्या तयारीला लाग. म्हणजे तोवर मला धोका नाही. सभागृह हसलं. देशातले विरोधी पक्षही हसले असतील, तेव्हा. हवामानबदलाविषयी प्रश्न आला, तर उत्तर मिळालं की, म्हातारी माणसं यंदा थंडी फार आहे म्हणतात, पण थंडी वाढलेली नसते, त्यांची सोसायची ताकद कमी झालेली असते. हवामान नव्हे, आपण बदललो. यावर शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला आणि चाहत्यांनी त्यात तत्त्वज्ञान शोधलं. कपाळ आणि तत्त्वज्ञान दोन्ही अजून तिथेच आहेत.

आणि मग आलं ते उत्तर. लहानपणी खोड्या काढायचात का, असं मुलांनी विचारलं. मोदींनी दिलखुलास सांगितलं की, लग्नात सनईवाला वाजवत असला की आम्ही मुलं त्याच्यासमोर जाऊन चिंच दाखवायचो. चिंच बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि सनई बंद पडायची. लग्नाला आलेल्या माणसांचे कपडे एकमेकांना स्टेपल करायचो, हेही सांगितलं, आणि तुम्ही मात्र असं करू नका, असं वचनही घेतलं. पुढे मुलींचं शिक्षण, वीजबचत, घाम येईस्तोवर खेळणं वगैरे बरंच होतं. कट्ट्यावर यातलं काहीच पोचलं नाही. तिथे अजून हिटलर आणि गुलाब चालले होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या सरांचा नातू तेव्हा चौथीत. त्याच्या शाळेत वीज होती.

तीन दिवसांनी अनंत चतुर्दशी. सोसायटीच्या गणपतीची मिरवणूक निघाली, पुढे बँड. क्लॅरिनेटवाला तब्येतीत वाजवत होता, काका फेटा बांधून पुढे, सर शिस्त राखायला मागे. चौकात क्लॅरिनेट एकदम चीं करून थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा चीं. तिसऱ्या वेळेला क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य काखोटीला मारलं, तोंड पुसलं आणि बँडमास्तरला म्हणाला, ‘या पोराला आधी बाजूला घ्या, साहेब!’ बघतो तर सरांचा नातू त्याच्या नाकासमोर गाभुळलेली चिंच धरून, एक डोळा मिटून, चुटूचुटू चोखून दाखवत उभा.

सरांनी त्याचा कान पकडला. ‘कुणी शिकवलं हे?’

‘पंतप्रधानांनी,’ नातू म्हणाला.

मिरवणूक जागच्या जागी थांबली. सरांनी विजयी मुद्रेनं चौफेर पाहिलं. ‘सांगत नव्हतो? म्हटलं होतं ना, कोवळ्या मनांवर परिणाम होतो म्हणून!’

काकांनी फेटा सावरला. ‘अहो, पण बघा तरी, मूल किती लक्ष देऊन ऐकत होतं!’

क्लॅरिनेटवाल्यानं दोघांकडे पाहिलं आणि चिंच मागितली.